बाकदार लाकडी तुळई कॉम्प्युटरला कशी समजवायची

गोव्यात फोंड्याजवळ एका जुन्या घराचं काम सध्या माझ्याकडे आहे, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मधे राजांगण, म्हणजे आतला उघडा चौक, वर लाकडी माळा, आणि घरातल्या बाईंची इच्छा अशी की माळा नवा करायचाच आहे तर दिवाणखान्याच्या तुळया खालून हलक्या कमानीसारख्या दिसाव्यात आणि राजांगणाच्या बाजूला एक अर्धगोल सज्जा बाहेर यावा, तोही लाकडाचाच. इच्छा सुंदर आहे. आणि तिच्यात लाकडी बाकाचे, म्हणजे लाकडाला दिलेल्या वळणाचे, उभा आणि आडवा असे दोन्ही अवघड प्रकार एकदम आलेत, त्यामुळे हेच घर धरून सगळं समजावते, कारण सरळ तुळईचा हिशोब बहुतेकांना येतो पण तुळई वाकली की तोच माणूस सॉफ्टवेअरमधे गोल रेघ काढतो, लोड टाकतो आणि जे रंगीत चित्र येईल त्यावर विश्वास ठेवतो.

आधी लाकडाबद्दल. स्टील कुठल्याही बाजूने ओढा, सारखंच वागतं. लाकूड तसं नाही, त्याला रेषा आहे. रेषेच्या दिशेने ते ताठ आणि मजबूत, रेषेला आडवं धरलं तर अगदी कमजोर, हे सरपण फोडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, कुऱ्हाड रेषेत पडली की एका घावात दोन तुकडे. आकड्यात बघायचं तर युरोपात ग्लूलॅमचा, म्हणजे पातळ पट्ट्या चिकटवून केलेल्या तुळईचा, जीएल 24 एच नावाचा नेहमीचा ग्रेड आहे, त्यात रेषेच्या दिशेने ताठपणा 11500 मेगापास्कल आणि आडव्या दिशेने फक्त 300. अडतीस पटींचा फरक! ताकदीत तर अजून मोठा, वाकताना 24 मेगापास्कल सहन करणारं लाकूड रेषेला आडवं ओढलं तर 0.5 ला सोडून देतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, 24 आणि 0.5, पुढे लागणार आहेत.

सरळ तुळईत रेषा एकाच दिशेने जाते म्हणून हा सगळा प्रश्न झाकलेला राहतो. बाकदार तुळईत रेषा तुळईबरोबर वळत जाते, आणि लाकडाच्या बाकाचं मॉडेल करणं म्हणजे मुख्यतः रेषा कुठे कशी वळली आणि टोकं कोणी कशी धरली एवढं कॉम्प्युटरला खरं खरं सांगणं. बाकी मेश, म्हणजे कॉम्प्युटर तुळईचे तुकडे पाडतो ती जाळी, किती बारीक, एलिमेंट, म्हणजे तो एकेक तुकडा, कुठल्या प्रकारचा, हे सगळं माझ्या मते त्याच्या नंतर येतं.

वाकवलेलं लाकूड येतं कुठून तेही थोडं सांगते. आपल्याकडे होड्या बांधणारे मेस्त, म्हणजे सुतार, पूर्वीपासून मुळातच वाकडं वाढलेलं झाड शोधून त्याची फासळी काढायचे, म्हणजे रेषा आपोआप बाकाबरोबर जाते, सरळ ओंडक्यातून बाक कापून काढला तर रेषा मधेच तुटते आणि तिथेच चीर जाते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेलं, फळ्या दोरीने शिवलेलं जहाज, कौंडिण्य, 2025 मधे नौदलात दाखल झालं, त्याचं पोट बघितलंत तर फळी बाकाला कशी अंग देते ते दिसेल. घरासाठी मात्र आता पट्ट्या चिकटवण्याची पद्धत, जर्मनीत ओट्टो हेट्झरने 1906 मधे वाकवलेल्या चिकट-तुळईचं पेटंट घेतलं तेव्हापासूनची. साचा करायचा, पातळ पट्ट्यांना गोंद लावून साच्यावर एकावर एक वाकवायच्या, शिकंजे आवळायचे, गोंद पक्का झाला की सोडायच्या. सोडल्यावर तुळई किंचित उघडते. किती? पट्ट्या जितक्या, त्याच्या वर्गाने भागायचं, 10 पट्ट्या असतील तर बाकाचा शंभरावा भाग परत जातो, 4 असतील तर सोळावा. साचा तेवढा जास्त वळवून करायचा.

पट्टी किती जाड चालेल हाही हिशोब सोपा आहे, ताठपणा गुणिले जाडी भागिले त्रिज्येच्या दुप्पट. आमच्या सज्जाची त्रिज्या 2 मीटर, 20 मिलिमीटरची पट्टी घेतली तर नुसती वाकवतानाच तिच्यात 57 मेगापास्कल ताण येतो, गाठ असली तर साच्यावरच मोडेल, आणि 8 मिलिमीटरची घेतली तर 23. युरोकोड 5, म्हणजे लाकडी बांधकामाची युरोपातली नियमावली, सुद्धा हेच सांगते, आतली त्रिज्या पट्टीच्या जाडीच्या 240 पट असेल तर ताकद कापायची गरज नाही, त्याखाली गेलात की कापा. 2 मीटरला 240 ने भागलं तर आठ मिलिमीटरच येतात.

आता मॉडेल. आधी उभा बाक घेऊ, दिवाणखान्याच्या तुळया. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, 6 मीटर, तुळई 120 बाय 320 मिलिमीटर, एकमेकींपासून 1 मीटरवर, बाकाची त्रिज्या 20 मीटर, म्हणजे मधे साधारण 22.6 सेंटीमीटर उचललेली, वर फळ्या सपाट बसाव्यात म्हणून तुळईच्या पाठीवर पाचरीसारख्या पट्ट्या. वजन फळ्याबिळ्या धरून 1 किलोन्यूटन प्रत्येक चौरस मीटरला, आणि माणसांचं आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे राहत्या खोलीला 2, मिळून तुळईच्या प्रत्येक मीटरवर 3 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ 300 किलो.

इथे पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न, टोकं सरकू शकतात का. सॉफ्टवेअरमधे दोन्ही टोकांना पिन सपोर्ट, म्हणजे टोक फिरू देणारा पण सरकू न देणारा टेकू, ठोकला की ती तुळई राहत नाही, कमान होते. कमान झाली की झोळ, म्हणजे वजनाने मधे खाली बसणं, एकदम कमी, वाकण्याचा ताण एकदम कमी, बघून बरं वाटतं. पण कमान भिंतीला बाहेर रेटा देते. किती रेटा, ते कागदावर एका ओळीत निघतं: वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले मधल्या उचलीची आठपट. 3 गुणिले 36 भागिले 8 गुणिले 0.226, म्हणजे जवळजवळ 60 किलोन्यूटन. लाकूड स्वतः थोडं दबतं ते धरलं तर साधारण 46 येतो. साडेचार टनांहून जास्त आडवा धक्का, भिंतीच्या दर मीटरला, तोही माळ्याच्या उंचीवर! चिरा मातीत बसवलेली जुनी भिंत खालच्या दिशेने कितीही वजन घेते पण आडवा रेटा घेण्यासाठी ती बांधलेलीच नाही.

आणि दुसरी बाजू बघा. एक टोक सरकायला मोकळं ठेवलं तर ही तुळई पूर्ण वजनाखाली एकूण किती पसरते? हिशोब केला तर सुमारे अडीच मिलिमीटर. फक्त अडीच. म्हणजे भिंत अडीच मिलिमीटर मागे हटली की कमान संपली, रेटा शून्य आणि सगळं काम परत वाकण्यावर आलं. ज्या भिंतीचा गिलावाच बोटभर जाड, ती अडीच मिलिमीटर हलणार नाही असं मी सही करून देऊ शकत नाही, आणि कोणी देऊही नये. म्हणून मी दोन मॉडेल करते, एकात टोकं पक्की आणि त्यातून आलेला रेटा भिंतीला झेपतो का ते बघायचं, दुसऱ्यात एक टोक सरकतं आणि त्यातून तुळई पुरते का ते बघायचं. या घरात भिंतीला रेटा झेपत नाही, मग बसवतानाच टोक सरकेल अशी बैठक ठेवायची, सरकत्या बैठकीचं मॉडेल हेच खरं मॉडेल.

सरकत्या मॉडेलचा हिशोब असा आला. मधला मोमेंट, म्हणजे तुळईला वाकवणारा जोर, 13.5 किलोन्यूटन मीटर, वाकण्याचा ताण 6.6 मेगापास्कल, 24 समोर आरामात (सेफ्टी फॅक्टर वगैरे लावूनही). झोळ 13.4 मिलिमीटर, त्यात शिअरचा, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याचा, झोळ मिळवायचा. हा शिअरचा झोळ स्टीलवाले सोडून देतात आणि लाकडात सोडता येत नाही. जुनं जाड पुस्तक हातात धरून वाकवा, पानं एकमेकांवरून सरकतात ना, तेच. लाकडाचा सरकायचा ताठपणा रेषेतल्या ताठपणाच्या सतरा-अठराव्या भागाएवढाच आहे, स्टीलचा तोच भाग अडीचावा. गाळा उंचीच्या 19 पट असलेल्या आपल्या तुळईत यामुळे पाच टक्के वाढतात, 10 पट असती तर सतरा टक्के वाढले असते. तेव्हा सॉफ्टवेअरमधे शिअर डिफॉर्मेशनचा पर्याय चालू आहे का ते एकदा बघा. आमचे 14 मिलिमीटर झाले, लाकडी बांधकामाच्या आयएस 883 या भारतीय मानकाची साधी मर्यादा गाळा भागिले 240, म्हणजे 25.

पण हा आजचा झोळ. लाकूड वर्षानुवर्षं वजनाखाली हळूहळू अजून बसतं, आणि ओल जास्त तितकं जास्त बसतं. युरोकोड बंद कोरड्या जागी कायमच्या वजनाच्या झोळात 60 टक्के वाढवायला सांगतो, छपराखालच्या दमट जागी 80, उघड्यावर 200. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मी घरात आहे म्हणून 60 धरत नाही, 80 धरते. तसं धरून शेवटचा झोळ 20 मिलिमीटरच्या आसपास जातो. बाकदार तुळईचं अजून एक आहे, पावसाळ्यात लाकूड रेषेला आडवं फुगतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही, त्यामुळे बाक थोडा उघडतो, उन्हाळ्यात परत आवळतो. सहा टक्के ओल वाढली तर आमच्या तुळईची मधली उंची साडेतीन मिलिमीटरने उतरते, एक माणूसही वर न चढता. वरच्या फळ्यांच्या फटी आणि सरकती बैठक यांना हे माहीत पाहिजे.

थरथर वेगळी बघायची. कायमच्या वजनाचा झोळ मिलिमीटरमधे घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 18 ला त्याने भागा, तो साधारण मजल्याचा स्वतःचा हेलकावा, सेकंदाला किती वेळा. आमचा 4.7 मिलिमीटर, उत्तर 8.3. युरोकोड घरासाठी 8 च्या वर मागतो, म्हणजे जेमतेम पास. चालणारा माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो म्हणून तसं चालतं, पण चवथीला याच माळ्यावर बायका फुगडी घालणार आहेत, आणि फुगडीत पंधरा-वीस जणींचे पाय एकदम, एका ठेक्यात पडतात. ठेक्याच्या दुप्पट-तिप्पट-चौपट ताल जर मजल्याच्या 8 ला जाऊन मिळाला तर माळा अंगाखाली नाचतो. म्हणून मी तुळयांमधे आडवे ठोकळे वाढवले, म्हणजे एकीचं वजन शेजारणीही उचलतील. दोन्ही टोकं पक्की धरून कमानीचं मॉडेल केलं असतं तर हाच हेलकावा खूप वर आला असता आणि ही काळजी दिसलीच नसती.

आता तो 0.5 चा आकडा. कांद्याची एक चतकोर फोड घ्या आणि दोन्ही टोकं धरून सरळ करायला बघा. मधले थर एकमेकांपासून सुटतात. बाकदार तुळईवर वजन आलं की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या आतही हेच होतं, रेषेला आडवा ताण येतो, जिथे लाकूड सगळ्यात कमजोर आहे. तो ताण वाकण्याच्या ताणाच्या किती पट, तर पाव गुणिले तुळईची उंची भागिले त्रिज्या. आमच्या 20 मीटरच्या बाकाला हे 0.004 येतं, 6.6 चे 0.026 मेगापास्कल, काहीच नाही. मजल्याच्या हलक्या बाकाला हा ताण शक्यतो त्रास देत नाही. पण तीच 320 ची तुळई 4 मीटर त्रिज्येत वाकवली तर आडवा ताण वाकण्याच्या ताणाचा पन्नासावा भाग होतो, आणि ताकद अठ्ठेचाळिसाव्या भागाची, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीला आल्या, त्यात मोठ्या आकाराच्या तुळईत कुठेतरी दोष असण्याची शक्यता जास्त म्हणून ही आडवी ताकद अजून कापावी लागते. वळणाच्या जिन्याची बाजू, गुडघ्यासारखे वळलेले खांब, तिथे हे पहिलं तपासायचं.

आणि हे नीट लक्षात घ्या, बीम एलिमेंटचं मॉडेल हा ताण तुम्हाला कधीच दाखवणार नाही. कारण कॉम्प्युटर गोल तुळईचे सरळ सरळ तुकडे करून जोडतो आणि सरळ तुकड्यात थर सुटण्याची गोष्टच नसते. तुकडे बारा करा की बाराशे, तो कॉलम रिकामाच. मोमेंट सॉफ्टवेअरमधून घ्यायचा आणि आडवा ताण हाताने काढायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुकड्यांचं विचाराल तर, 2 मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचे 12 तुकडे केले की प्रत्येक तुकडा खऱ्या गोलापासून मधे 17 मिलिमीटर आत राहतो, 24 केले की 4. मी 24 करते आणि पुढे जाते.

पृष्ठभाग म्हणून मॉडेल केलंत, म्हणजे प्लेट किंवा शेल, तर रेषेची दिशा प्रत्येक तुकड्याला वेगळी द्यावी लागते. माझ्या हातून हे एकदा चुकलं होतं, दुसऱ्या एका घरात, कोपऱ्यातला पाव वर्तुळाचा लाकडी चौथरा, एक टोक एका भिंतीवर, दुसरं टोक काटकोनातल्या भिंतीवर, वजन सारखं, टेकू सारखे. झोळाचं चित्र आलं तर एका टोकाकडे थोडासा आणि दुसऱ्याकडे भलताच. अर्धा दिवस लोड तपासत बसले. मग दिसलं की रेषेची दिशा सगळीकडे एकच राहिली होती, एका भिंतीजवळ ती तुळईच्या दिशेने होती आणि वळून दुसऱ्या भिंतीपाशी पोचेपर्यंत तुळई काटकोनात फिरली पण रेषा तिथेच, म्हणजे तिकडे कॉम्प्युटर 11500 च्या जागी 300 चं लाकूड वापरत होता. तेव्हापासून कुठल्याही बाकदार मॉडेलवर आधी सारखं वजन टाकून दोन्ही बाजू सारख्या येतात का तेच बघते, आणि प्रत्येक तुकड्यावर रेषेचे बाण काढून स्क्रीनवर एकेक डोळ्यांनी बघते.

राहिला सज्जा, म्हणजे आडवा बाक. कडेची तुळई अर्धगोल, 2 मीटर त्रिज्या, दोन टोकं भिंतीत, तीच 120 बाय 320, तेच 3 किलोन्यूटन. बादलीची कडी आठवा. दोन्ही टोकं कानात अडकवलेली असतात, आडवी धरून सोडली की कडी पडते. अर्धगोल तुळईची टोकं नुसती भिंतीत टेकवली तर ती अगदी तशीच कडी आहे, सॉफ्टवेअर अस्थिर म्हणून एरर देतं आणि तो एरर बरोबर आहे. मग माणूस काय करतो, टोकं पूर्ण घट्ट करतो, एरर जातो, आणि प्रश्न तिथे लपतो.

घट्ट केल्यावर टोकाला काय येतं ते बघा. अर्धगोलाला सूत्र सरळ आहे, भिंतीपाशी मोमेंट वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे 12 किलोन्यूटन मीटर, आणि त्याच्या तीस टक्के पीळ, 3.6. पीळ म्हणजे ओला पंचा पिळतो तसा, आणि लाकडाला पीळ अजिबात आवडत नाही, ही तुळई वाकायला जेवढी ताठ आहे त्याच्या चाळिसाव्या भागाएवढीच पिळायला ताठ आहे. 3.6 च्या पिळाने तिच्यात 3 मेगापास्कल शिअर येतो, वर साधा शिअर 0.37, आणि जीएल 24 एच ची शिअरची ताकद सगळी मिळून 3.5, फॅक्टर लावले की त्याहून बरीच कमी. वाकण्यात निम्मीही न वापरलेली तुळई पिळात नापास. आणि तुळई पास झाली असती तरी चिऱ्यात कोरलेल्या वीतभर खोबणीने 12 चा मोमेंट आणि 3.6 चा पीळ धरून ठेवायचा कसा? चिरा सुटेल.

मी हे सगळं कागदावर काढून साइटवर नेलं. मेस्तांनी कागद बघितला नाही. त्यांनी एक वाकवलेली उरलेली पट्टी उचलली, दोन्ही टोकं दोन मुठीत धरली आणि मला म्हणाले, मधे दाबा. मी अंगठ्याने दाबलं तशी पट्टी वाकली नाही, त्यांच्या दोन्ही मनगटांना पीळ देत खाली गेली, मुठी फिरल्या. मग त्यांनी तीच पट्टी गुडघ्यावर टेकवून धरली, आता दाबा म्हणाले. हलली नाही.

तिसरा टेकू दोन टोकांच्या रेषेबाहेर असला की कडी पडत नाही, एवढंच ते. आता सज्जाखाली दोन खांब येतात, गोलाचे तीन भाग करणाऱ्या जागी, म्हणजे मधून राजांगणात जायची वाट मोकळी, आणि सज्जाचे वासे पंख्याच्या काड्यांसारखे कडेच्या तुळईपासून आतल्या माळ्यापर्यंत नेऊन तिथल्या तुळईला बोल्टने धरलेत, म्हणजे कडेला पिळायचं झालं तर आधी सगळे वासे वाकवावे लागतील. मॉडेलमधे भिंतीतली टोकं मी फक्त टेकलेली दाखवली आहेत, घट्ट नाही, कारण ती तशीच असणार आहेत. एरर आला नाही.

खांब किंदळाच्या लाकडाचे ठरलेत, घराच्या जुन्या माळ्यातून निघालेले, खालचा हातभर भाग ओलीने गेला होता तो कापून टाकला, वरचा ठणठणीत आहे. त्यांच्याखाली चिऱ्याचा टप्पा एक वीत उंच घ्यायला सांगितलाय, राजांगणात पावसाचं पाणी साचतं म्हणून.